सोलापूर बाहेरच्यांचंच, अटी कोणाच्या?

सोलापुरात गेली काही वर्षं एकच भांडण नावं बदलून चाललं आहे. आधी ते विमानतळ आणि चिमणीचं होतं. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी येत होती. १५ जून २०२३ला ती पाडली आणि दोन वर्षांनी, २०२५च्या जूनमध्ये, गोव्याचं विमान सुटलं. त्या वादात निम्मं शहर म्हणत होतं, विमान आलं की कंपन्या येतील, आयटी पार्क येईल, पुण्याला गेलेली पोरं परत येतील. उरलेलं निम्मं म्हणत होतं, बाहेरच्यांच्या सोयीसाठी आपल्या शेतकऱ्याच्या घामाचा कारखाना मोडताय. चिमणी गेली, विमान आलं, भांडण मात्र तसंच आहे. आता ते आयटी पार्कवरून होतं, परप्रांतीय कामगारांवरून होतं, ‘आपलं सोलापूर आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ या हळहळीवरून होतं. एक बाजू बाहेरून येणाऱ्याकडे तारणहार म्हणून बघते, दुसरी लुटारू म्हणून. आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे: सोलापूर नावाचं काहीतरी मूळचं, आतलं, घडून तयार झालेलं आहे आणि बाहेरचं जग त्याला येऊन एकतर तारतं, नाहीतर बुडवतं.

असं मूळचं सोलापूर कधी नव्हतंच. हे शहर बाहेरच्यांनी घडवलं, बाहेरच्या पैशानं वाढलं आणि बाहेरच्या निर्णयांनी अनेकदा मोडलंही. तेव्हा बाहेरचं येऊ द्यायचं की नाही, हा वाद घालण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. विचारायचं ते हे, की जे आलं ते कोणाच्या अटींवर आलं, त्या अटी ठरवताना गावाला तोंड उघडता आलं का, आणि ते निघून गेल्यावर मागे कोणाच्या हातात काय राहिलं. शहराची ओळख या घासाघिशीत घडते. बाकी सगळं यात्रेच्या स्वागत कमानीवर लिहायला ठीक आहे.

ग्रामदैवतापासूनच बघा. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा गजर होतो आणि सगळं शहर गड्ड्याच्या यात्रेला लोटतं. ज्याच्या नावानं हे होतं तो बाराव्या शतकातला सिद्धरामेश्वर वचनं लिहीत होता कन्नडमध्ये. त्याच्या तळ्यालगत बहामनी काळातला किल्ला आहे. रेल्वे आली १८६०मध्ये, ती विलायतेत भागभांडवल उभं केलेल्या कंपनीची. तिच्या मागून मुंबईचे भाटिया शेठ मोरारजी गोकुळदास यांचं भांडवल आलं आणि १८७७मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगचा, म्हणजे आपल्या जुन्या गिरणीचा, भोंगा वाजला. वर्ष लक्षात घ्या. दख्खनमध्ये १८७६ ते ७८चा दुष्काळ पडलेला होता. गावोगावचे कुणबी, मांग, महार, सणगर, साळी पोट हातात घेऊन निघालेले होते. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर यायला लागले आणि पुढची कित्येक दशकं येतच राहिले. साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक असा सगळा पूर्व भाग त्यांनी वसवला. मार्कंडेयाचं देऊळ बांधलं, नारळी पौर्णिमेला रथ काढला, तेलुगू शाळा काढल्या. ज्या चादरीमुळे सोलापूरचं नाव देशभर गेलं ती विणणारे हात तेलुगू होते आणि तिच्यावरचा मोर उमटवणारं जेकार्ड हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधल्या लिआँमध्ये जन्मलं. चादरीचं राहू द्या, शेंगाचटणी घ्या. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. आता यातून ‘मूळचं’ निवडून काढायला बसलं तर भाकरीही हातात राहणार नाही, कारण ज्वारीही आफ्रिकेतून आलेली.

हे सगळं ठाऊक असलेले लोक यावर एक गोड उत्तर देतात: बघा, सोलापूर किती सर्वसमावेशक! या उत्तराचाही मला कंटाळा आला आहे, कारण त्यात माणसं कशी आली हे गाळलं जातं. दुष्काळातला माणूस गिरणीत स्वखुशीनं जात नव्हता. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांच्यासाठी सोलापुरात सेटलमेंट उभी केली. तारेच्या कुंपणाआड राहायचं, हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायला जायचं. तो कायदा रद्द झाला १९५२च्या ३१ ऑगस्टला, म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर. ‘सेटलमेंट’ हे नाव आजही शहराच्या तोंडात आहे आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना त्याचा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. गिरण्यांचा काळ सोन्याचा होता असं म्हणणाऱ्यानं ते सोनं नेमकं कोणाच्या घरी होतं तेही सांगावं. भोंग्याची आठवण ज्यांना गोड लागते, त्यातल्या बऱ्याच जणांना त्या भोंग्यावर धावावं लागलेलं नसतं.

मग या गर्दीचं शहर झालं कधी? भांडायला लागल्यावर. गांधीजींना ५ मे १९३०ला अटक झाली आणि सोलापूरचे गिरणी कामगार रस्त्यावर आले. ८ मेला रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडण्यावरून गोळीबार झाला, पोलीस चौक्या पेटल्या, पोलीस हटले आणि काही दिवस शहर स्वयंसेवकांनी चालवलं. १२ मेला सरकारनं मार्शल लॉ पुकारला, तो ३० जूनपर्यंत होता. पुढे १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. ही नावं आपण सर्वधर्मसमभावाच्या भाषणात इतकी वापरली की त्यातलं मुख्य काय ते दिसेनासं झालं. ज्या शहरात पन्नास वर्षांपूर्वी ही माणसं एकमेकांना ओळखतही नव्हती, जिथं त्यांना गिरणीनं, पेढीनं, बाजारानं एकत्र आणून टाकलं होतं, तिथं त्यांनी मिळून राजसत्तेला आव्हान दिलं. ती गर्दी भांडवलानं गोळा केली होती, पण भांडवलाला असलं काही अभिप्रेत नव्हतं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी उभं राहून ‘बाहेरचे’ कोण ते मोजायला कोणी तयार आहे का?

समोरच्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो आधी मान्य करतो. माणसाला आपलं शहर ओळखीचं वाटावं असं वाटतं, त्यात संकुचितपणा नाही. दुकानाच्या पाट्या बदलतात, पेठेचं नाव जाऊन टॉवरचं नाव येतं, लहानपणी ऐकलेली तीन भाषांची सरमिसळ जाऊन टीव्हीवरची एकसुरी मराठी नाहीतर हिंदी कानावर पडते, तेव्हा खरोखर काहीतरी हरवतं. पण हरवतं ते नेमकं काय, हे बघा. ती सरमिसळच हरवते आहे! तेलुगू शाळांचा पट घटतो, घरातलं कन्नड नातवंडांपर्यंत पोचत नाही. म्हणजे ओळखीच्या नावानं ज्याची हळहळ आहे तेच कालच्या बाहेरच्यांनी आणलेलं होतं. २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर आणि अक्कलकोटच्या कन्नड भागावर दावा सांगितला तेव्हा आपण सगळे खवळलो, खवळायलाच हवं होतं. पण तेव्हा आपण जे उत्तर दिलं ते ‘इथं कन्नड नाही’ असं नव्हतं. ‘इथं कन्नड आहे आणि तरी हे महाराष्ट्रात आहे’ असं होतं. ते उत्तर इतर वेळीही आठवायला हरकत नाही.

आता गिरण्यांच्या मरणाकडे येऊ, कारण खरा धडा तिथं आहे आणि तो कोणी सांगत नाही. जुनी गिरणी १९४९च्या ऑगस्टमध्ये बंद पडली. कारभार ढासळलेला, हजारो कामगार रस्त्यावर. जानेवारी १९५०मध्ये केंद्र सरकारनं खास या एका कंपनीसाठी अध्यादेश काढून तिचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, मग त्याचा कायदा केला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्यघटना लागू होऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि ४ डिसेंबर १९५०ला न्यायालयानं कायदा उचलून धरला, तोही एकमतानं नव्हे. एकाच कंपनीला वेगळं का काढलं, असा सवाल दोन न्यायमूर्तींनी केला. तीन वर्षांनी दुसऱ्या एका भागधारकाच्या खटल्यात हाच ताबा घटनाबाह्य ठरला. मग संसदेनं १९५५च्या चौथ्या घटनादुरुस्तीत, सार्वजनिक हितासाठी मालमत्तेचं व्यवस्थापन काही मुदतीपुरतं ताब्यात घेण्याचा मार्ग मोकळा केला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना देशभर सोलापूरचं नाव ठाऊक आहे ते या खटल्यांमुळे. आपल्याला मात्र गिरणीची चिमणी आठवते, खटला आठवत नाही. बाहेरचं भांडवल निघून जाताना गावावर काही देणं लागतं का, हा प्रश्न भारतीय प्रजासत्ताकात अगदी सुरुवातीलाच जिथून उठला ते हे शहर, आणि इथल्या मुलांना तो शाळेत कोणी शिकवत नाही.

अर्थात गिरणी कायमची वाचली नाही. विसावं शतक सरता सरता लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम एकामागून एक थंडावल्या. इथं उजव्या बाजूचा मित्र म्हणेल: मग झालं काय त्या कायद्यानं? बाजाराला जे नको ते सरकारनं किती वर्षं ओढायचं? मुद्दा बिनतोड वाटतो, आणि गिरण्या सरकारी खर्चानं कायम चालवायला हव्या होत्या असं मलाही म्हणायचं नाही. यंत्रं जुनी झाली होती, धाग्याचा बाजार बदलला होता. पण गिरणी बंद पडणं ही एक गोष्ट आणि गिरणीखालची जमीन कोणाची, कामगारांची देणी कोण देणार, ही दुसरी. मुंबईचं गिरणगाव बघा. १९८२चा संप मोडला, गिरण्या आचके देत राहिल्या, तेव्हा १९९१च्या विकास नियमावलीत जमिनीची तीन वाटण्यांत विभागणी ठरली: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये नियमाचे शब्द बदलले, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो बदल मान्य केला. परळमध्ये आज काय उभं आहे ते सांगायला नको. बाजारानं गिरणी मारली म्हणतात. तिथं मॉल उभा राहिला तो मात्र नियमातल्या दुरुस्तीमुळे, आणि दुरुस्ती माणसं करतात, मंत्रालयात बसून करतात.

सोलापुरात गिरण्यांनंतर टिकलं काय? चादर आणि टॉवेल. ते टिकले कारण त्यांची मालकी मुंबईत नव्हती. गिरणीत कामाला आलेला, हातमागावर घरी विणणारा पद्मशाली कर्ज काढून दोन माग घ्यायचा, मग चार घ्यायचा. बायको कांड्या भरायची, पोरगा सायझिंगला, म्हणजे सुताला खळ द्यायला, जायचा. हा कारखाना उचलून दुसरीकडे नेता येत नव्हता, कारण कारखाना, घर, जात पंचायत, शिक्षण संस्था, सहकारी बँक सगळं एकाच पेठेत होतं. इचलकरंजीचंही तेच. तिथं १९०४मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, घोरपडे जहागीरदारांनी पाठबळ दिलं, आणि मालकी हजारो घरांत वाटली गेली. तिथला यंत्रमाग कितीही रडतखडत असो, गिरणगावासारखा एका फटक्यात संपला नाही. मालेगावला उत्तरेतून आलेल्या मोमिनांनी तेच केलं. तिन्ही ठिकाणी विणकर बाहेरून आले किंवा तंत्र तरी बाहेरून आलं. फरक पडला तो मालकी गावात उतरल्यानं.

मात्र स्थानिक मालक म्हणजे दयाळू मालक नव्हे, हे सोलापूरच्या कोणत्याही यंत्रमाग कामगाराला विचारा. हजेरी कार्ड नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, दिवाळीच्या बोनससाठी दरवर्षी संप. आपलाच जातभाई, आपल्याच गल्लीतला, लग्नात शेजारी बसून जेवणारा, आणि फंडाचं नाव काढलं की कारखाना बंद करतो म्हणणारा. शिवाय स्थानिक भांडवल आळशीही असतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या अगदी पहिल्या मानांकनांपैकी एक. पण नक्षी तीच, वजन तेच, आणि पानिपतचं मऊ पॉलिस्टर ब्लँकेट निम्म्या त्रासात धुतलं जातं म्हणून घरोघर गेलं. दोष पानिपतला देण्यात काय हशील? तेव्हा ‘आपल्या माणसाचा उद्योग’ हेही पुरेसं उत्तर नाही. मालक कुठलाही असो, त्याच्यापुढे टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कोणी बसलेलं आहे का, ते बघायचं.

आणि या शहरात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सर्वांत नेटानं कोण बसलं? विडीवाल्या बायका. पूर्व भागात नाहीतर कुंभारीच्या घरकुलात दुपारी कोणत्याही उंबऱ्याशी दिसतील. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा फास. नजर पानावर कमी आणि चुलीवरच्या भातावर जास्त. सकाळी तयार माल कारखान्यात न्यायचा, तिथं तपासनीस विड्यांचा कट्टा हातात घेऊन दाबून बघणार आणि ढिल्या निघालेल्या विड्या छाट म्हणून बाजूला काढणार. छाटाचे पैसे नाहीत. मजुरी हजारावर, म्हणजे दर हजार विड्यांमागे. मालक बाहेरचा, पान मध्य भारतातल्या जंगलातलं, आणि नियम दिल्लीचे: २०१६मध्ये पाकिटाच्या ८५ टक्के भागावर धोक्याचं चित्र आलं, २०१७मध्ये विडीवर २८ टक्के जीएसटी बसला, आणि प्रत्येक वेळी सोलापुरातले कारखाने बंद पडण्याच्या बातम्या आल्या. तंबाखूवर निर्बंध हवेतच, या बायकांच्या छातीत काय साठतं ते बघता तर जास्तच हवेत. पण निर्बंध घालताना या बायकांना दुसरं काय देणार, याचा कागद त्यासोबत कधी निघाला नाही.

अशा या बायकांनी लाल बावट्याखाली, नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली, वर्षानुवर्षं मोर्चे काढून काय मिळवलं? कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत. केंद्र, राज्य आणि कामगार यांनी वाटा उचलून ती उभी राहिली आणि २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्यासाठी सोलापुरात आले. पुढे असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर निघालं. त्यातल्या पंधरा हजार घरांचं हस्तांतर १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं. दोन टोकांच्या पक्षांचे दोन पंतप्रधान, आणि मागणी मात्र एकाच शहरातल्या कामगारांची. त्या वसाहतींत पाण्याची, रस्त्यांची, कामाच्या अंतराची रड आहे, ती खोटी नाही. तरी देशात कुठल्या शहरात हजारावर मजुरी घेणाऱ्या बायकांनी आख्खं उपनगर वसवून घेतलं आहे? सोलापूरची ओळख काय, असं मला कोणी विचारलं तर चादरीच्या आधी मी हे सांगेन.

इथं माझ्यावर येणारा सर्वांत वजनदार आक्षेप असा: तुम्ही जुन्या काळचे दाखले देताय. गिरणीला हजारो माणसं लागत, म्हणून ती माणसांना शहरात आणत होती आणि म्हणूनच माणसांना भांडता आलं. आजच्या भांडवलाला माणसं लागतच नाहीत. जागा, वीज, पाणी द्या, बाकी आम्ही बघतो. हे खरं आहे. दक्षिण सोलापुरात फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. त्यासाठी पाणी लागतं ते उजनीचं, त्याच उजनीचं जिथून शहराच्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं. त्या प्रकल्पाभोवती दुसरा पूर्व भाग वसला नाही आणि वसणार नाही. संप करून त्याला थांबवेल एवढे कामगारच तिथं नाहीत. पण यावरून निघतं काय? कामगाराची घासाघिशीची ताकद घटली असेल तर गावाची वाढली पाहिजे, कारण आता भांडवल जे मागतं ते कामगाराकडे नाही, गावाकडे आहे. पाणी गावाचं, जमीन गावाची, हवा गावाची. गिरणीच्या काळात अट घालायला संप होता. आज पाण्याचा करार आहे. तो करार होताना ‘विकास येतोय, आडवे येऊ नका’ म्हणणारे जास्त आणि आकडे मागणारे कमी असतील, तर त्याचं खापर कंपनीवर फोडता येणार नाही.

यावर लगेच ऐकू येतं: अटी घाला, म्हणजे कंपनी तमिळनाडूत होसूरला जाईल, गुजरातेत साणंदला जाईल. गरजवंताला अक्कल नसते, सोलापूरनं आधी भूक भागवावी. ही भीती खोटी नाही, राज्यं एकमेकांना सवलतींत मागे टाकत असताना एका मध्यम शहराचा आवाज तो किती. तरीही, सवलतीसाठी आलेला उद्योग सवलत संपली की जातो, हे महाराष्ट्रातल्या अनेक एमआयडीसींतल्या बंद शेडकडे बघून कळायला हरकत नाही. अट घातल्यानं न आलेला उद्योग आणि दहा वर्षं पाणी पिऊन गेलेला उद्योग, यातला कोणता महाग पडतो याचा हिशेब कोणी मांडून दाखवला आहे का? जमीन वापरली नाही तर परत घेऊ, कंत्राटी कामगाराचा फंड मूळ कंपनी भरेल, शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरावं लागेल: एवढ्यानं पळून जाणारी कंपनी नाहीतरी टिकणारी नव्हती.

आणखी एक मत आहे, ते जरा तत्त्वज्ञाच्या थाटात मांडलं जातं. शहरं येतात, शहरं जातात. ज्याला संधी जिथं दिसेल तिथं त्यानं जावं, गावाची ओळख वगैरे कुरवाळत बसू नये. या मताला इतिहासाचा आधार आहे, तोही आपल्या शेजारचा. बार्शीपलीकडे तेर आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात ते पैठणच्या जोडीनं ‘तगर’ म्हणून येतं. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचं आणि तिथून समुद्रापार. रोमशी व्यापार आटला आणि तेर खेडं झालं. आज तिथं गोरोबाकाकांचं देऊळ आहे, संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही या पट्ट्याचं कापड परदेशी मागणीवर जगत होतं आणि मागणी गेल्यावर शहर मेलं. मग सोलापूरनंच अमर का व्हावं? नाही व्हायला हवं. पण तेरच्या विणकराला मत नव्हतं, महापालिका नव्हती, माहितीचा अधिकार नव्हता, समुद्रापार काय बिनसलं ते त्याला कळणंही शक्य नव्हतं. आपल्याला कळतं, आपण मत देतो, तरी आपण तेरसारखं निमूट बसायचं हे कुठलं तत्त्वज्ञान?

शिवाय ‘ज्यानं त्यानं जावं’ म्हणणं सोपं आहे, जाणाऱ्याच्या बाजूनं. २००१च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ८ लाख ७२ हजार होती, २०११मध्ये ९ लाख ५१ हजार. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेलं. त्या सात लाखांत सोलापूर जिल्ह्याचे किती, ते वाकडच्या भाजीवाल्याच्या बोलण्यावरूनही लक्षात येतं. चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी रोज सकाळी पोरांना पुण्याला पोचवते. गेलेल्यांना दोष नाही. मात्र वाचनालयाचा चिटणीस, नाट्य संस्थेचा कार्यकर्ता, संघटनेचा हिशेबनीस, पतपेढीत उलटा प्रश्न विचारणारा सभासद ज्या वयाच्या माणसांतून होतो, तीच माणसं गेली. मागे राहिले ते निवृत्त आणि विडी वळणाऱ्या. घासाघीस करणारं शहर असं विरळ होत जातं, आणि मग आलेल्या पहिल्या गुंतवणूकदाराला हार घालायला सगळे धावतात.

पुण्यात गेल्यावर हेच सोलापूरकर ‘बाहेरचे’ होतात. पुण्यातल्या सोसायट्यांच्या बैठकांत ज्या बाहेरून आलेल्या गर्दीमुळे पाणी पुरत नाही, रस्ता तुंबतो, पुण्याचं पुणेपण जातं असं म्हणतात, ती गर्दी आपली आहे. तिथं आपल्याला दार उघडं हवं आणि इथं बिहारी कामगार दिसला की भूमिपुत्र आठवायचा, हे जमणार नाही. ऐंशी टक्के नोकऱ्या स्थानिकांना या जुन्या धोरणात स्थानिक म्हणजे पंधरा वर्षांचा रहिवासी. १८७७च्या जुन्या गिरणीला हा नियम लावला असता तर चादर विणायला तेलंगणातून कोणी आलंच नसतं. मला त्या बिहारी पोराला हजेरी कार्ड मिळालेलं हवं आहे. त्याला कार्ड मिळालं की इथल्या पोराला स्वस्तात हटवायला मालक त्याला वापरू शकत नाही. दोघांचं भांडण मिटवायला याहून साधा उपाय मला दिसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी आयटी पार्कसाठी, उद्योगासाठी, कशासाठीही सोलापुरात बैठक बसेल तेव्हा व्यासपीठावर कोण आहे ते आधी बघू. उद्योजक असतात, आमदार असतात, अधिकारी असतात, ‘सोलापूरचे सुपुत्र’ म्हणून पुण्यामुंबईहून बोलावलेले चार यशस्वी लोक असतात. या वेळी घरकुलातल्या दोन विडीवाल्यांना बोलवा आणि कराराचा मसुदा त्यांच्यापुढे मराठीत आणि तेलुगूत ठेवा. छाट कुठं मारतात हे त्यांना पहिल्या पानावरच कळेल.